व्हर्सर कोणाला फिरवतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागच्या अंकात अवकाशातील परिवलनाविषयी लिहिताना ‘व्हर्सर’ (बाणाला फिरवणारी गणिती राशी) हा शब्द मी एकदाच आणि तोही ओझरता वापरला होता. तो शब्द इतक्यांच्या नजरेत भरेल असे वाटले नव्हते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक त्याच शब्दाभोवती फिरणारी आहेत आणि योगायोगाने सगळी मराठवाड्यातील आहेत, म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच राखून ठेवला आहे.

परभणीहून एक निवृत्त गणितशिक्षक लिहितात: “व्हर्सर हा शब्द मी एका जुन्या इंग्रजी पुस्तकातही पाहिला होता. त्याचे मूळ लॅटिन आहे असे आपण म्हणता म्हणून नातवाच्या मदतीने लॅटिन कोश उघडला, तर तेथे ‘व्हर्सर’ म्हणजे ‘मी वावरतो’ असे क्रियापद निघाले. शिवाय इटलीत शिकलेल्या एका परिचितांच्या मते व्हर्सर म्हणजे केवळ एकक सदिश. यांतले खरे कोणते?”

आपण कोश उघडून पाहिलात याचा विशेष आनंद झाला. आपल्याला दिसले ते चूक नाही, फक्त ते दुसऱ्याच शब्दाचे रूप आहे.

आधी गणित पाहू, कारण शब्द त्यातून जन्मला. कागदावर दोन बाण काढा. पहिला ३ सेंटिमीटर लांबीचा आणि पूर्वेकडे तोंड असलेला, दुसरा ६ सेंटिमीटरचा आणि उत्तरेकडे तोंड असलेला. पहिल्याचा दुसरा करायचा असेल तर दोन कामे करावी लागतील: त्याला ताणून दुप्पट करायचे आणि डावीकडे पाव वेढा फिरवायचे. १५ ला ३ ने भागल्यावर जसे ‘किती पट’ याचे उत्तर मिळते, तसे एका सदिशाला, म्हणजे लांबी आणि दिशा असलेल्या बाणाला, दुसऱ्या सदिशाने भागल्यावर ‘किती पट आणि कोणीकडे किती वळवून’ असे दुहेरी उत्तर मिळाले पाहिजे, हा आयर्लंडचे गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन यांचा विचार होता. या दुहेरी उत्तरातील ताणणाऱ्या भागाला त्यांनी ‘टेन्सर’ म्हटले आणि फिरवणाऱ्या भागाला ‘व्हर्सर’. (आज पदार्थविज्ञानात ज्याला आपण टेन्सर किंवा प्रदिश म्हणतो तो वेगळा, हॅमिल्टन यांचा टेन्सर म्हणजे साधी लांबीची पट.)

हे दुहेरी उत्तर लिहायला चार संख्या लागतात, असे त्यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनजवळच्या रॉयल कालव्याच्या काठाने पत्नीसोबत चालत असताना सुचले. त्याआधी ते तीन-तीन संख्यांच्या गुणाकारामागे इतके लागले होते, की सकाळी न्याहारीला खाली आले की मुले रोज विचारत, “बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का?” आणि त्यांना मान हलवावी लागे. कालव्यावरच्या ब्रूम पुलाच्या दगडावर त्यांनी चाकूने सूत्र कोरले: आय² = जे² = के² = आय·जे·के = −१. मूळ कोरीव अक्षरे केव्हाच झिजून गेली, आता तेथे पाटी आहे. या चार-चार संख्यांच्या गटाला त्यांनी ‘क्वाटर्नियन’ म्हटले. ‘क्वाटेर्नी’ म्हणजे लॅटिनमध्ये चार-चार, आणि त्यातला ‘क्वाट्‌’ आपल्या ‘चतुर्‌’चा भाऊ.

आता शब्द. लॅटिनमध्ये ‘वेर्तेरे’ म्हणजे फिरवणे, वळवणे. त्याचे भूतकाळवाचक विशेषण ‘वेर्सूस’, म्हणजे फिरवलेले. याच अंगाला कर्तृवाचक प्रत्यय लागून ‘वेर्सोर’, म्हणजे फिरवणारा, हे नाम होते. ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणे यापासून ‘तेन्सोर’, ‘वेहेरे’ म्हणजे वाहून नेणे यापासून ‘वेक्तोर’ (इंग्रजी व्हेक्टर, म्हणजे सदिश), अशी ही एकाच साच्यातील तीन भावंडे आहेत. काही पुस्तकांत व्हर्सरचे मूळ ‘वेर्सारे’, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवत राहणे, असे दिलेले आढळते. अर्थाला त्याने बाध येत नाही, कारण वेर्सारे हे वेर्तेरेपासूनच बनलेले पौनःपुन्यवाचक रूप आहे. पण व्याकरणाने पाहिले तर वेर्सारेचा कर्ता ‘वेर्सातोर’ असा व्हायला हवा, म्हणून मी व्हर्सरला सरळ वेर्तेरेचे अपत्य मानतो.

आपल्याला कोशात सापडलेले ‘वेर्सोर’ हे त्याच वेर्सारेचे कर्मणी, प्रथमपुरुषी रूप आहे. शब्दशः अर्थ ‘मी फिरवला जातो’, आणि रूढ अर्थ ‘मी वावरतो, एखाद्या कामात असतो’. नाम आणि क्रियापद दिसायला तंतोतंत सारखे, पण एक फिरवणारा आणि दुसरा फिरवला जाणारा! हॅमिल्टन यांचा व्हर्सर पहिल्या जातीचा. मराठीत ‘फिरणे’ आणि ‘फिरवणे’ यांत जो ‘व’चा फरक आहे तोच येथे आहे, आणि वर्गात शिकवताना तो निसटू देऊ नये. भोवरा हा व्हर्सर नव्हे. भोवऱ्याला फिरवण्याची जी क्रिया गणिताने पकडली, ती व्हर्सर.

इटालियन परिचितांचेही बरोबर आहे. इटालियनमध्ये ‘व्हेर्सोरे’ म्हणजे एकक सदिश, १ लांबीचा बाण. दोन्ही अर्थांना जोडणारा धागा गणितातच आहे. हॅमिल्टन यांच्या पद्धतीत आय, जे, के हे तीन परस्परलंब एकक सदिश आहेत आणि त्याच वेळी प्रत्येक जण आपल्या अक्षाभोवती पाव वेढा फिरवणारा व्हर्सरही आहे. के गुणिले आय बरोबर जे, म्हणजे के या व्हर्सरने आय या बाणाला ९० अंशांनी वळवून जे केले. पुन्हा के ने गुणा, तर उणे आय मिळेल, म्हणजे बाणाचे तोंड अगदी उलटे झाले. के² बरोबर −१ हे सूत्र शाळेतील मुलाला गूढ वाटते. दोन पाव वेढे मिळून माघारी फिरणे होते, एवढेच ते सांगते.

अंबाजोगाईच्या एक संस्कृत शिक्षिका विचारतात: “वेर्तेरे आणि आपला ‘वृत्’ धातू यांचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. मग व्हर्सर हा शब्द मुळात संस्कृतचाच म्हणावा काय? आमच्याकडे एका व्याख्यानात तसे ठामपणे सांगण्यात आले.”

साम्य खरे आहे, निष्कर्ष तेवढा खरा नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले ते हेच, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे धातू आणि व्याकरणाची रूपे इतकी जुळतात की त्या एका समान मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलेही नसावे. म्हणजे लॅटिन ही संस्कृतची मुलगी नव्हे, बहीण. वेर्तेरे आपल्याकडून उसना गेलेला नाही आणि वृत् तिकडून आलेला नाही. दोघी बहिणींनी आईच्या घरून आपापला वाटा आणला.

हा वाटा किती सारखा आहे ते आपल्या विषयातील व्यक्तीने अवश्य पाहावे. वृत् धातूला ‘त’ प्रत्यय लागून ‘वृत्त’ होते. नेमक्या त्याच घडणीने लॅटिनमध्ये ‘वेर्सूस’ होतो. दोन त-कार जवळ आले की तेथे त्यांचा ‘स’ होतो, एवढाच फरक. म्हणजे वृत्त आणि वेर्सूस यांची घडण एकच. कर्तृवाचक प्रत्ययही जुळतो: संस्कृतचा ‘जनिता’ आणि लॅटिनचा ‘गेनितोर’ शेजारी ठेवून पाहा. हॅमिल्टन यांचे बाकीचे शब्दही या दृष्टीने तपासण्यासारखे आहेत. व्हेक्टरचा ‘वेहेरे’ हा आपल्या ‘वह्’चा, म्हणजे वाहन, वाहणे यांचा सोयरा. टेन्सरचा ‘तेन्देरे’ हा ‘तन्’च्या घरचा, ज्यातून तंतू आणि ताण आले. स्केलर, म्हणजे दिशा नसलेली नुसती संख्या, यातील ‘स्काला’ म्हणजे शिडी. ती चढणे या अर्थाच्या ‘स्कान्देरे’पासून आली, आणि त्या धातूचे नाते उडी मारणे या अर्थाच्या संस्कृत ‘स्कन्द्’शी आहे. हॅमिल्टन लहानपणी काकांकडे राहून लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले आणि फारसी, अरबी, संस्कृत यांचाही त्यांनी अभ्यास केला. म्हणून शब्द बनवताना त्यांचा हात लॅटिनकडे सहज वळला यात नवल नाही.

वृत्त आणि वेर्सूस यांची गंमत येथे संपत नाही. लॅटिनमध्ये वेर्सूस म्हणजे नांगराचे तासही आणि कवितेची ओळही. आपल्याकडे काळ्या रानात औत धरलेला माणूस पाहिला असेल, तर ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. तास संपत आले आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, चार पावलांवर राहिला की तो औत किंचित उचलतो, एका अंगाचा कासरा ओढतो, आतला बैल जागच्या जागी पाय हलवतो, बाहेरचा मोठा वळसा घेतो, आणि जोडी आल्या तोंडाने माघारी लागते. ते वळण म्हणजे वेर्सूस, वळणामुळे पडलेले तास म्हणजे वेर्सूस, आणि पानाच्या कडेला येऊन माघारी वळणारी कवितेची ओळही वेर्सूस. गणिताच्या भाषेत प्रत्येक धुऱ्यावर जोडीला −१ ने गुणले जाते. आपल्या ‘वृत्त’लाही छंदाचा अर्थ आहे, पण तो अक्षरांच्या ठरलेल्या बांधणीवरून आला, नांगरावरून नव्हे. एका मुळाच्या दोन शब्दांना दोन वेगळ्या वाटांनी कवितेपर्यंत जाता येते, हे लक्षात ठेवलेले बरे.

मराठीत वृत् इतका मुरला आहे की ओळखू येत नाही. वर्तुळ, वर्तन, आवर्तन, परिवर्तन ही उघड उदाहरणे झाली. पण ‘वर्त्मन्’ झिजून ‘वाट’ झाली, ‘वर्ति’ झिजून समईतली ‘वात’ झाली, आणि ‘वर्तुल’ प्राकृतात ‘वट्टुल’ होऊन मराठीत ‘वाटोळे’ म्हणून आले, ज्याला पुढे नाशाचा अर्थ चिकटला. वात तर पाहण्यासारखी आहे. कार्तिक महिन्यात आजी सरकी काढलेल्या कापसाचा पेळू मांडीवर घेऊन बसते, बोटांना राख लावते, आणि तळहाताने तो पेळू एकाच दिशेने दाबत नेते, तेव्हा सैल तंतू एकमेकांभोवती वेढे घेऊन घट्ट होतात. त्या क्रियेला आपण ‘वात वळणे’ म्हणतो. वात ही वृत्‌ची आणि वळणे हे ‘वल्’चे. हा वल् ‘रिव्हॉल्यूशन’ शब्दातील लॅटिन ‘वोल्वेरे’चा नातेवाईक मानला जातो, म्हणजे फिरण्याचे दोन्ही जुने धातू आजीच्या मांडीवर एकत्र आले. तरी भूगोलाच्या पुस्तकात मात्र ‘परिवलन’ हे स्वतःभोवती फिरण्याला आणि ‘परिभ्रमण’ हे सूर्याभोवती फिरण्याला वापरतात. मुळे पाहून पारिभाषिक अर्थ ठरवायला गेले की अशी फसगत होते.

आपल्याला ‘वर्तन’ म्हणजे वागणूक हा अर्थही आठवत असेल. वर्तते म्हणजे फिरतो, म्हणून असतो, म्हणून वागतो. परभणीच्या गुरुजींना कोशात सापडलेला लॅटिन ‘वेर्सोर’ नेमका याच पायऱ्या उतरला आहे: फिरवला जातो, म्हणून वावरतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तेच केले, आणि मला तरी हे व्हर्सरच्या व्युत्पत्तीपेक्षा अधिक रंजक वाटते.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: “माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दू माध्यमातून शिकले. ते त्रिकोणाला मुसल्लस, वर्तुळाला दायरा आणि पृथ्वीच्या फिरण्याला गर्दिश म्हणत. या शब्दांचे नाते लागते काय?”

गर्दिशचे लागते, दायऱ्याचे नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने गणित उर्दूत शिकले, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणच उर्दू माध्यमातून चाले. त्यासाठी गणिताची परिभाषा घडवण्याचे मोठे काम हैदराबादेत झाले. मुसल्लस आणि दायरा अरबी. दायऱ्यातील ‘दौर’ या मुळाचा अर्थही फिरणे असाच आहे आणि मंत्र्यांचा ‘दौरा’ त्याच घरचा, पण ते घराणे वेगळे.

गर्दिश फारसी आहे आणि तो थेट वृत्‌च्या गोत्रातला आहे. जुन्या इराणी भाषेतला शब्दारंभीचा ‘व’ पुढे फारसीत पुष्कळ ठिकाणी ‘ग’ झाला. संस्कृत ‘वृक’ म्हणजे लांडगा, फारसीत ‘गुर्ग’. तसाच ‘वर्त्’चा ‘गर्द’ झाला आणि ‘गर्दीदन’ म्हणजे फिरणे हे क्रियापद रूढ झाले. म्हणजे आपले आजोबा गर्दिश म्हणत, शेजारच्या पाठशाळेत कोणी आवर्तन म्हणत असेल आणि डब्लिनमध्ये हॅमिल्टन व्हर्सर म्हणत होते, तेव्हा तिघेही एकच जुना शब्द उच्चारत होते.

पैठणचे एक शेतकरी लिहितात: “जायकवाडीच्या कालव्याचे पाणी सुटले की कार्यालयात ‘आवर्तन’ म्हणतात, आम्ही ‘रोटेशन’ म्हणतो. यात फिरते ते काय?”

पाळी फिरते. कालव्यावरील चाऱ्यांना, म्हणजे त्याच्या फाट्यांना, एका वेळी पाणी पुरत नाही, म्हणून ते क्रमाने दिले जाते आणि शेवटची पाळी झाली की क्रम पुन्हा पहिल्यावर येतो. या येण्यालाच आवर्तन म्हटले. अखंड आवर्ती दशांश अपूर्णांकातील ‘आवर्ती’ही तोच. ‘रोटेशन’मधील ‘रोता’ म्हणजे चाक, आणि त्याचा संस्कृतमधला सोयरा आपला ‘रथ’. रोटेशन हे फिरण्याच्या घटनेचे नाव आहे, व्हर्सर हे ती घडवणाऱ्याचे; या दृष्टीने पाहिले तर आपल्या चारीवर पाणी सोडणारा पाटकरी हा व्हर्सर ठरेल.

उदगीरहून विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी विचारतो: “क्वाटर्नियनने एखाद्या सदिशाला ९० अंशांनी फिरवायचे असेल तर सूत्रात ४५ अंशांचे कोसाइन आणि साइन घेतात. आपण मात्र के हा ९० अंशांचा व्हर्सर आयला ९० अंशच फिरवतो असे लिहिता. अर्धा कोन कोठून आला?”

प्रश्न नेमका आहे आणि बहुतेक पुस्तके येथे घाईने पुढे जातात.

के ने आयला गुणले तेव्हा जे मिळाला, कारण आय हा केच्या अक्षाला लंब होता. आता केलाच के ने गुणून पाहा. अक्षावरचा बाण परिवलनात जागचा हलता कामा नये, जात्याचा खुंटा जसा वरची तळी फिरली तरी आपल्या जागी राहतो. पण के गुणिले के बरोबर −१, म्हणजे सदिश उरलाच नाही, नुसती संख्या हातात आली. याचा अर्थ असा, की एका बाजूने केलेला गुणाकार फक्त अक्षाला लंब असलेल्या सदिशांपुरता प्रामाणिक आहे.

उपाय असा, की सदिशाला दोन्ही बाजूंनी धरायचे: डावीकडून व्हर्सरने आणि उजवीकडून त्याच्या व्यस्ताने गुणायचे. केचा व्यस्त म्हणजे उणे के. आता के·के·(−के) केले तर के जसाच्या तसा परत येतो; खुंटा जागेवर राहिला. पण आयवर हेच करा: के·आय बरोबर जे, आणि जे गुणिले उणे के बरोबर उणे आय. बाण ९० ऐवजी १८० अंश फिरला, कारण डावीकडच्या गुणाकाराने पाव वेढा दिला आणि उजवीकडच्यानेही पाव वेढाच दिला. दोन्ही बाजूंनी ढकलल्यामुळे कोन दुप्पट होतो, म्हणून हवा असलेला कोन आधीच निम्मा करून सूत्रात घालायचा. ९० साठी ४५ येतात ते असे. हा अर्धा कोन हॅमिल्टन यांच्याही आधी, १८४० मध्ये, फ्रेंच गणिती ऑलिंद रॉद्रिग यांनी परिवलनांच्या सूत्रांत काढून दाखवला होता. त्यांचे नाव आपल्या अभ्यासक्रमात फारसे येत नाही, याची मला खंत वाटते.

गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर का बदलते, म्हणजे आय·जे बरोबर के पण जे·आय बरोबर उणे के का, हे समजण्यासाठी एखादे जाड पुस्तक घ्यावे. ते टेबलावर नेहमीसारखे आडवे ठेवा: मुखपृष्ठ वर, बांधणीची बाजू डावीकडे. आधी ते टेबलावरच घड्याळाच्या उलट दिशेने पाव वेढा फिरवा, मग पलीकडची कड उचलून ते आपल्याकडे तोंड करून उभे करा. पुस्तक बांधणीच्या बाजूवर उभे राहील आणि शीर्षक आडवे पडलेले दिसेल. आता पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत आणा आणि तीच दोन कामे उलट क्रमाने करा: आधी उभे करा, मग वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने पाव वेढा फिरवा. या खेपेस पुस्तक खालच्या कडेवर उभे राहील, बांधणीची बाजू आपल्याकडे असेल आणि मुखपृष्ठ उजवीकडे, म्हणजे कपाटात लावल्यासारखे. कामे तीच होती, बदलला तो फक्त क्रम.

अर्ध्या कोनाचा आणखी एक परिणाम आहे. पूर्ण ३६० अंशांच्या वेढ्यासाठी व्हर्सर १८० अंशांचा, आणि त्याची किंमत −१ येते. +१ मिळवायला ७२० अंश लागतात. सदिशाच्या दोन्ही बाजूंना गुणताना ही चिन्हे एकमेकांना खातात, म्हणून बाणाला फरक कळत नाही. पण हाताला कळतो. तळहातावर पाण्याची वाटी ठेवा आणि ती न सांडता काखेखालून एक पूर्ण वेढा फिरवा. वाटी पहिल्यासारखी सरळ आहे, मात्र हात पिळवटलेला आहे. त्याच दिशेने दुसरा वेढा डोक्यावरून घेतला की हातही सुटतो. पहिल्या प्रयत्नात पाणी सांडतेच, म्हणून रिकाम्या वाटीने सुरुवात करावी.

याचा व्यवहारात उपयोग काय, असे आपण शेवटी विचारले आहे. परिवलन कोष्टकाने लिहायला नऊ संख्या लागतात, व्हर्सरने चार, आणि गणना करताना साठत गेलेली चूक लांबी पुन्हा १ करून सहज काढून टाकता येते. उपग्रहाचे तोंड कोणीकडे आहे हे सांभाळताना, किंवा संगणकावरच्या चित्रपटातील पात्राची मान एका स्थितीतून दुसरीकडे सफाईने वळवताना हेच वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गिब्ज आणि हेव्हिसाइड या शास्त्रज्ञांच्या सुटसुटीत सदिश पद्धतीने क्वाटर्नियनना जवळपास बाजूला सारले होते. ते परत आले ते मुख्यतः संगणकामुळे.

बीडहून एक वाचक: “व्हर्साइन या जुन्या त्रिकोणमितीय गुणोत्तरातला ‘व्हर्स’ हाच का? आणि आर्यभटांची उत्क्रमज्या म्हणजेच व्हर्साइन, हे बरोबर आहे ना?”

दोन्ही बरोबर. लॅटिन ‘सिनूस वेर्सूस’ म्हणजे वळवलेली ज्या (साइन). सरळ उभी असते ती ‘सिनूस रेक्तूस’, आणि त्रिज्येवर आडवी पडलेली, म्हणजे १ उणे कोसाइन, ती वेर्सूस. ६० अंशांसाठी तिची किंमत अर्धा. आपल्याकडचे नाव मात्र रेषेच्या वळण्यावरून नाही, तर कोष्टक उलटे वाचण्यावरून आले. आर्यभटांनी ४९९ मध्ये ३४३८ त्रिज्येसाठी २४ ज्यांचे फरक दिले आहेत: २२५, २२४, २२२ असे सुरू होऊन शेवटी ५१, ३७, २२, ७. पुढून बेरीज करत गेलात तर ज्या मिळतात. मागून, उत्क्रमाने, बेरीज केलीत तर ७, २९, ६६ अशा उत्क्रमज्या मिळतात. याच रेषेला आपण ‘शर’ म्हणतो, कारण चाप हे धनुष्य, ज्या ही दोरी आणि मधला हा बाण. लॅटिनमध्येही तिला ‘सागित्ता’, म्हणजे बाण, म्हणत. ‘साइन’ची कथा तर प्रसिद्धच आहे: आपली ‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाली, स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला आणि बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी त्याला ‘सिनूस’ केले. व्हर्साइनचा दुसरा अर्धा भाग म्हणजे ही चूक आणि पहिला अर्धा भाग म्हणजे आपल्या वृत्ताचे सख्खे भावंड.

परभणीच्या गुरुजींच्याच पत्रात शेवटी विचारलेले: “मराठीत व्हर्सरला काय म्हणावे?”

व्हेक्टरला सदिश आणि स्केलरला अदिश म्हणतो, त्या धर्तीवर काही बनवण्याचा मोह होतो, पण तेथे दिशा मोजली आहे आणि येथे क्रिया मोजायची आहे. ‘आवर्तक’ म्हटले तर पुन्हा पुन्हा येण्याचा अर्थ आधी मनात येतो. ‘परिवर्तक’ने रूप बदलणारा असे वाटते. ‘भ्रामक’ म्हणजे फिरवणारा हे संस्कृतात शुद्ध असले तरी मराठी विद्यार्थी ते खोटे समजूनच वाचेल. वर्गात मी सरळ व्हर्सर म्हणतो आणि पहिल्यांदा आला की ‘फिरवणारा’ असे सांगतो. छापील पुस्तकासाठी शब्द हवाच असेल, तर माझे मत ‘वर्तक’ या शब्दाला: मूळ तेच, कर्तृवाचक प्रत्यय आहे, आणि उच्चारायला सोपा. त्या आडनावाची मंडळी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि हजेरी घेताना थोडा गोंधळ होईल, तो सोसावा.